शासन निर्णयांचं संकेतस्थळ: धोरणाच्या डेस्कवर रोज वापरणाऱ्यांसाठी परीक्षण

वृत्तपत्रात राज्याच्या धोरणांच्या बातम्या ज्याच्या हाताखालून जातात, त्याच्या संगणकावर महाराष्ट्र शासनाचं शासन निर्णयांचं (म्हणजे जीआरचं) संकेतस्थळ दिवसभर उघडं असतं. पत्ता जीआर डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन. फुकट आहे, खातं काढावं लागत नाही, मोबाइलवरही चालतं. मंत्रालयाच्या बीटवर माणूस नेमणं ज्यांना परवडत नाही, अशा जिल्हा दैनिकांनाही मुंबईतला कागद मुंबईकरांइतक्याच लवकर मिळतो, हे याचं मोठं देणं. त्यासाठी पाचपैकी चार गुण द्यायला हरकत नव्हती. पण संपादकाला बातमी लावण्याआधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: हा निर्णय आज लागू आहे का, याने आधीचा कोणता निर्णय मोडीत काढला, आणि पैसा कुठून येणार. पहिल्या दोन प्रश्नांवर संकेतस्थळ गप्प आहे. तिसऱ्याचं उत्तर कागदाच्या तळाशी असतं आणि ते वाचायचे कष्ट फार थोडे बातमीदार घेतात. म्हणून तीन गुण.

आधी शोधाबद्दल. विभाग, शीर्षकातला शब्द, दोन तारखा आणि सांकेतांक (प्रत्येक निर्णयाचा स्वतंत्र क्रमांक) असे रकाने आहेत, शिवाय चित्रातली अक्षरं ओळखून भरायची. यादीत विभाग, शीर्षक, सांकेतांक, दिनांक, फाइलचा आकार आणि डाउनलोडची खूण दिसते. शोध चालतो तो शीर्षकावर, कागदाच्या आतल्या मजकुरावर नाही. आणि शीर्षकं लिहिणारे कक्ष अधिकारी वाचकाचा विचार करून लिहीत नाहीत. चार ओळींचं शीर्षक '...बाबत' असं संपतं आणि योजनेचं रुळलेलं नाव त्यात असेलच असं नाही. असलं तरी कुठे आडवी रेघ, कुठे मोकळी जागा, कुठे ऱ्हस्व, कुठे दीर्घ. नवा उपसंपादक योजनेचं नाव टाकतो, काही सापडत नाही, आणि 'शासन निर्णय अद्याप निघालेला नाही' अशी ओळ कॉपीत जाते. दुसऱ्या दिवशी खुलासा छापायची वेळ बहुतेकदा इथूनच येते.

उपाय साधा आहे. शब्दाचा रकाना कोरा ठेवा, विभाग निवडा, पाच-सहा दिवसांची खिडकी द्या आणि यादी डोळ्यांखालून घाला. विभाग मात्र बरोबर निवडला पाहिजे, आणि तिथे माहिती नसेल तर फसगत ठरलेली. आदिवासी आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे, पण विमुक्त जाती-भटक्या जमातींच्या आश्रमशाळा इतर मागास बहुजन कल्याणकडे. ग्रामीण घरकुलं ग्रामविकासकडे, शहरी गृहनिर्माणकडे. अंगणवाडी सेविका महिला व बालविकासच्या, आशा स्वयंसेविका सार्वजनिक आरोग्यच्या. दोघींच्या मानधनाची एकत्र बातमी करायची तर दोन विभागांत दोनदा शोधावं लागतं. डेस्कवर 'विषय आणि त्याचा विभाग' असा एक पानी तक्ता चिकटवलेला असला की निम्मी शोधाशोध वाचते.

सांकेतांक ही या संकेतस्थळाची खरी ताकद. अठरा अंकी असतो. पहिले आठ अंक वर्ष, महिना, दिवस, पुढचे तास-मिनिटांचे, शेवटचे दोन विभागाचे. डाउनलोड होणाऱ्या फाइलचं नावही हाच आकडा. व्हॉट्सअ‍ॅपवर एखादा 'शासन निर्णय' फिरायला लागला की आधी कागदाच्या शेवटी जायचं, सांकेतांक उचलायचा आणि रकान्यात टाकायचा. सापडला तर उतरवून दोन्ही कागद ओळ न् ओळ ताडायचे, कारण खऱ्या कागदाचा सांकेतांक तसाच ठेवून आतला आकडा बदलणं काही अवघड नाही. सापडला नाही तर कागद बनावट आहे किंवा अजून चढवलेला नाही, आणि यातलं काय हे संबंधित कक्ष अधिकारीच सांगू शकतो. तोवर बातमी थांबलेली बरी. डिजिटल स्वाक्षरी ब्राउझरमध्ये धड तपासता येत नाही; फाइल उतरवून पीडीएफ वाचकात उघडावी लागते. तिथे 'वैधता अज्ञात' असं दिसलं म्हणून कागद खोटा ठरत नाही. आपल्या संगणकाला ते प्रमाणपत्र देणारी संस्था ओळखीची नाही, एवढाच त्याचा अर्थ.

याच आकड्याचा दुसरा उपयोग कमी लोक करतात. कागदावर वर छापलेली तारीख आणि सांकेतांकातली तारीख जुळते का, ते पाहायचं. निवडणुकीची आचारसंहिता लागण्याच्या आगेमागे निघालेल्या निर्णयांना ही चाचणी लावल्याशिवाय पुढे जाऊ नये. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी विधानसभा निवडणूक जाहीर झाली, म्हणजे आचारसंहिताही लागली. अशा दिवशी कागद दुपारचा की संध्याकाळचा, हीसुद्धा बातमी असते. तारखा जुळल्या नाहीत तर लगेच घोटाळा म्हणायचं कारण नाही, पण प्रश्न विचारायला आधार मिळतो.

आता कागद कसा वाचायचा. वरून खाली वाचणारा माणूस प्रस्तावनेतच अडकतो, कारण तिथे राज्य किती पुढे चाललंय याचंच वर्णन असतं. अनुभवी डेस्क खालून वर जातं. तळाशी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' ही ओळ असते. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६६ मुळे ती येते, राज्यपालांनी स्वतः काही ठरवलं असा तिचा अर्थ नसतो. त्याच्याही खाली प्रतींची यादी. ती वाचली की अंमलबजावणी कोणाच्या गळ्यात आहे हे कळतं: जिल्हाधिकारी, जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, की नुसतेच आयुक्त. जिल्हा आवृत्तीसाठी प्रतिक्रिया कोणाची घ्यायची, हेही तिथेच ठरतं.

सह्यांच्या थोडं वर पैशाचा परिच्छेद असतो. 'वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक अन्वये प्राप्त सहमतीने' अशी ओळ असेल तर वित्त विभागाने फाइल पाहिली आहे. ती ओळ नसेल आणि निर्णय खर्चाचा असेल, तर बातमीदाराला परत पाठवायचं. त्यानंतर लेखाशीर्ष, म्हणजे खर्च कोणत्या खात्यावर पडणार ते सांगणारा आकडा. चार अंकी प्रधान शीर्ष २ ने सुरू झालं तर महसुली (चालू) खर्च, ४ ने सुरू झालं तर भांडवली (मालमत्ता उभारणीचा). २२०२ सर्वसाधारण शिक्षण, २२१० आरोग्य, २२३५ सामाजिक सुरक्षा व कल्याण, २४०१ पीक संवर्धन. एवढी पाठ असली तरी पुष्कळ भागतं. शेवटी उद्दिष्टाचा आकडा असतो: ०१ वेतन, १३ कार्यालयीन खर्च, ३१ सहायक अनुदाने (वेतनेतर), ३६ सहायक अनुदाने (वेतन). शाळांसाठी शंभर कोटी, असा मथळा तयार असतो आणि लेखाशीर्षाच्या शेवटी ३६ दिसतो. म्हणजे तो पैसा शिक्षकांच्या पगाराचा. शाळेत नवं काही येणार नाही. मथळा बदलावा लागतो.

'सदर खर्च उपलब्ध तरतुदीतून भागवण्यात यावा' हे वाक्य दिसलं की पेन्सिलने खूण करावी. नवा पैसा नाही, आहे त्यातूनच वाटणी होणार, आणि दुसऱ्या कशाला तरी कात्री लागणार. कशाला, ही उद्याची बातमी.

'कोटी मंजूर' या दोन शब्दांनी मराठी वर्तमानपत्रांचं जितकं हसं झालं असेल तितकं दुसऱ्या कशाने झालं नसेल. प्रशासकीय मान्यता ही पहिली पायरी: काम करायला हरकत नाही, अंदाजे एवढा खर्च. निधी वितरण ही नंतरची पायरी, त्याचा निर्णय वेगळा निघतो. प्रत्यक्ष खर्च ही त्यानंतरची, आणि ती या संकेतस्थळावर दिसतच नाही. त्यासाठी वित्त विभागाच्या 'बीम्स' प्रणालीत जावं लागतं. तिथे विभागवार तरतूद, वितरण आणि खर्च पाहता येतो. एकाच पुलाची बातमी मान्यतेला एकदा, पहिल्या हप्त्याला एकदा, दुसऱ्या हप्त्याला एकदा लागते आणि स्थानिक आमदार तिन्हींची कात्रणं फ्रेम करतात. ३१ मार्चच्या आसपास तर वितरणाच्या निर्णयांचा पूर येतो. त्यातला बहुतेक मजकूर जुन्या योजनांचे हप्ते असतो, नवीन धोरण क्वचितच.

आकड्यांची एककं वेगळी तपासायची. निर्णयातल्या तक्त्याच्या डोक्यावर उजवीकडे कंसात '(रुपये लाखात)' असं बारीक छापलेलं असतं. तक्त्यात १२५०.०० दिसलं तर ते साडेबारा कोटी. राज्याच्या अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत मात्र आकडे हजारात. तिथे १,००,००० म्हणजे दहा कोटी. निर्णयातला आकडा आणि अर्थसंकल्पातला आकडा शेजारी शेजारी ठेवायची चौकट करताना दोन्ही कोटीत आणल्याशिवाय पान सोडू नये. आणखी एक त्रास: बऱ्याच पीडीएफमधून मराठी मजकूर उचलून चिकटवला की जोडाक्षरं फुटतात, म्हणून कागदाच्या आत शब्द शोधूनही हाती काही लागत नाही. आकडा शोधावा. तोही देवनागरी आणि रोमन दोन्ही अंकांत, कारण एकवाक्यता नाही.

मुख्य दोष यापुढचा. संकेतस्थळ प्रत्येक निर्णय सुटा दाखवतं. नंतरच्या निर्णयाने तो बदलला, शुद्धिपत्रकाने दुरुस्त केला की रद्द केला, याची खूण यादीत कुठेच नसते. जुना कागद उघडला तर तो जसाच्या तसा, जणू आजही लागू आहे अशा थाटात समोर येतो. मागे जायला वाट आहे: कागदाच्या सुरुवातीला 'वाचा' किंवा 'संदर्भ' म्हणून आधीच्या निर्णयांची यादी असते. पुढे जायला वाट नाही.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचं उदाहरण घ्या. पहिला निर्णय २८ जून २०२४ चा. त्यात वय २१ ते ६०, अर्जाची मुदत १५ जुलै, आणि पाच एकरांपेक्षा जास्त शेती असलेलं कुटुंब अपात्र. ३ जुलैला सुधारित निर्णय निघाला: वय ६५ पर्यंत, मुदत ३१ ऑगस्टपर्यंत, शेतीची अट वगळली, अधिवास प्रमाणपत्राऐवजी पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला चालेल. मध्ये जेमतेम पाच दिवस. ज्या डेस्कने पहिला कागद उतरवून 'अर्ज कसा कराल' ही चौकट तयार ठेवली आणि आठवडाभर तीच फिरवली, त्यांनी बासष्ट वर्षांच्या बाईला घरी बसवलं. संकेतस्थळावर दोन्ही कागद आहेत. पहिल्यावर दुसऱ्याची खूण नाही.

तिसऱ्या भाषेचा वाद याहून शिकवणारा. १६ एप्रिल २०२५ च्या निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिली ते पाचवी हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य केली. २२ एप्रिलला शालेय शिक्षणमंत्र्यांनी अनिवार्य या शब्दाला स्थगिती देत असल्याचं सांगितलं. सुधारित शासन निर्णय आला तो १७ जूनला. म्हणजे जवळपास आठ आठवडे मंत्री एक सांगत होते आणि कागद दुसरं. या काळात 'सक्ती मागे' असा मथळा देणारे आणि 'सक्ती कायम' असा देणारे, दोघांकडेही आधार होता. बरोबर ते डेस्क, ज्यांनी 'मंत्र्यांची घोषणा, सुधारित निर्णयाची प्रतीक्षा' असं लिहिलं. १७ जूनच्या कागदात हिंदी 'सर्वसाधारणपणे' तिसरी भाषा झाली, पण खाली अट होती: हिंदीऐवजी वेगळी भारतीय भाषा हवी असेल तर शाळेत त्या इयत्तेतले किमान २० विद्यार्थी हवेत. बातमी त्या विसात होती. लहान शाळांत एका इयत्तेत वीस मुलंच नसतात, तर पर्याय निवडणार कोण? पटसंख्येचा आकडा शेजारी ठेवला की कागदावरचा पर्याय व्यवहारात किती उरतो ते वाचकाला कळतं. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द करत असल्याची घोषणा झाली आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायचं ठरलं.

ही साखळी संकेतस्थळ जोडत नाही तोवर डेस्कने स्वतः जोडायची. साध्या स्प्रेडशीटमध्ये सहा रकाने पुरतात: विषय, विभाग, निर्णयाची तारीख, सांकेतांक, कोणता आधीचा निर्णय बदलला, आणि सध्याची स्थिती. स्थितीत तीनच शब्द ठेवायचे: लागू, सुधारित, अधिक्रमित (नव्या निर्णयाने मोडीत निघालेला). नवा निर्णय आला की त्यातली 'वाचा' यादी पाहून जुन्या ओळीची स्थिती बदलायची. शुद्धिपत्रकांवर खास नजर हवी, कारण शीर्षक निरुपद्रवी असतं आणि आत 'अमुकऐवजी तमुक वाचावे' एवढ्या एका ओळीत पात्रता उलटते. हे काम रोज अर्ध्या तासाचं आहे आणि ते एकाच माणसाकडे असावं. सगळ्यांचं काम म्हटलं की ते कोणाचंच राहत नाही.

जे इथे शोधूच नये, त्याबद्दल थोडक्यात. मंत्रिमंडळाचा निर्णय आधी माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाच्या प्रेसनोटमधून येतो; शासन निर्णय त्याच संध्याकाळी येतो किंवा महिन्यानेही. प्रेसनोटवर बातमी जरूर लावा, पण अटी-शर्तींची चौकट कागद हाती आल्यावर. कायदा, अध्यादेश, नियम यांची जागा राजपत्रात. शासन निर्णयाने कायद्यातली तरतूद बदलता येत नाही, आणि 'जीआर काढून कायदा बदलला' असं वाक्य कॉपीत दिसलं तर ते थेट कापावं.

केंद्राची धोरणं सांभाळणाऱ्यांचं मुख्य हत्यार भारताचं ई-राजपत्र. तिथे शोध याहून किचकट आहे, पण बातमी वाचवण्यात त्याला तोड नाही. संसदेने मंजूर केलं म्हणजे लागू झालं, हा समज तिथेच मोडतो. नागरिकत्व सुधारणा कायदा डिसेंबर २०१९ चा, नियम ११ मार्च २०२४ ला आले. वेतन संहिता २०१९ ची आणि उरलेल्या तीन कामगार संहिता २०२० च्या, अंमल २१ नोव्हेंबर २०२५ पासून. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, पण अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद असलेलं कलम १०६(२) त्या अधिसूचनेतून वगळलेलं होतं. तरी त्या दिवशी 'आजपासून दहा वर्षं' असं छापायचा मोह अनेकांना झाला असणार. अधिसूचना अर्ध्या पानाची असते. ती वाचायला दोन मिनिटं लागतात.

संसदेच्या संकेतस्थळावरची प्रश्नोत्तरं हा स्वस्तातला खजिना. लोकसभेत दिवसाला २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न, राज्यसभेत १५ आणि १६०. अतारांकित उत्तरांना जोडलेल्या परिशिष्टांत राज्यवार, कधी जिल्हावार आकडे असतात. मुंबई-दिल्लीचे ब्युरो ते सोडून देतात आणि तिथे नांदेडची किंवा रत्नागिरीची बातमी पडून राहते. विषय राज्य सूचीतला आहे असं म्हणून हात झटकलेली उत्तरंही पुष्कळ, त्यांच्यावर वेळ घालवू नये. विधेयक समजून घ्यायचं तर पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या अभ्यास संस्थेचे सारांश अजूनही सर्वांत नेटके. अडचण एवढीच की मराठीत नाहीत, आणि भाषांतर करताना 'मे' आणि 'शॅल' यांतला फरक पुसला जातो. करू शकेल आणि करील, यांत सगळं धोरण असतं.

कुठेच मिळालं नाही तर माहितीचा अधिकार. राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवर शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि फार तर १५० शब्दांचा हवा. केंद्राकडे मर्यादा ५०० शब्दांची आहे, ती इथे गृहीत धरली की अर्ज परत येतो. 'का केलं' असं विचारू नये, 'टिपणीची (फाइलवरच्या कार्यालयीन नोंदीची) प्रत द्या' असं मागावं. कारण टिपणीत असतंच. सांकेतांक आणि निर्णय क्रमांक दोन्ही लिहिले की जनमाहिती अधिकाऱ्याला 'बोध होत नाही' म्हणायला जागा उरत नाही.

संकेतस्थळ चालवणाऱ्यांकडे मागण्या तीनच: निर्णय सुधारला वा रद्द झाला की जुन्या नोंदीवर तशी खूण, कागदाच्या आतल्या मजकुरात शोध, आणि कागद काढून घेतला गेला तर तो काढल्याची नोंद. तिसरी होईपर्यंत बातमीत वापरलेला प्रत्येक कागद त्याच दिवशी उतरवून ठेवावा. फाइलचं मूळ अठरा अंकी नाव पुसू नये, त्यापुढे विषय जोडावा, आणि फोल्डर विभागवार न लावता योजनेवार लावावा. विभागांची नावं आणि खाती सरकारगणिक बदलतात, योजना मात्र लोकांच्या तोंडी तीच राहते.